नऊ चलानं आणि बाबांची ॲक्टिव्हा

21 जून 2025, शनिवार. पुण्यात दुपारच्या नाकाबंदीत मला बाजूला घेतलं. गाडी बाबांची, 2016 ची ॲक्टिव्हा. बाबा नोव्हेंबर 2024 मध्ये गेले, आणि जानेवारीपासून ऑफिसला जायला मी ती वापरायला लागले. हवालदारांनी मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला, दोनदा स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, नऊ चलानं बाकी आहेत. सहा हजार. मेसेज येत नाहीत का तुम्हाला?"

मेसेज येत नव्हते. मला तर चलान झालंय हेच माहीत नव्हतं. कोणी अडवलं नव्हतं, पावती दिली नव्हती. मागे लोक थांबून बघत होते आणि माझे कान गरम झाले. पीयूसीही, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखलाही, मार्चमध्ये संपलेली निघाली. हवालदारांनी समोरच्या पंपावर जाऊन आत्ताच्या आत्ता काढायला सांगितली. दुचाकीचे 50 रुपये आणि पाच मिनिटं. तिथेच मला कळलं की आमच्या जुन्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी काढावी लागते. नव्या गाड्यांना वर्षाची मुदत असते, आणि मी तेच धरून चालले होते.

पुढचे पाच महिने या नऊ चलानांमागे गेले. कुठून सुरुवात करायची हे तेव्हा सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून झालं तसं लिहून काढते आहे.

त्या रात्री बाबांची कागदपत्रांची पिशवी काढली. थकीत चलानं बघायला महाट्रॅफिक ॲप किंवा राज्य वाहतूक पोलिसांची ई-चलान वेबसाइट, दोन्ही चालतात. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, ते आरसी बुकावर असतात. प्रत्येक चलानावर तारीख, वेळ, ठिकाण, कलम, रक्कम आणि बहुतेक वेळा फोटो दिसतो. सगळ्यांनी आधी फोटो उघडून बघावेत. मी नुसता आकडा बघून भरायला निघाले होते. दादाचा बंगळूरहून फोन आला, तो म्हणाला, "भरू नकोस अजून, आधी एकेक बघ."

एकेक बघितलं. वहीत तीन रकाने केले.

पहिल्या रकान्यात बाबांच्या वेळची तीन. एक नो पार्किंग, एक हेल्मेटचं, एक स्टॉप लाइनचं, प्रत्येकी 500. स्टॉप लाइनचं उघडलं आणि मी वही मिटून ठेवली. 28 ऑगस्ट 2023, सकाळी 8 वाजून 12 मिनिटं, कर्वे रस्त्यावरचा चौक. फोटोत बाबा. डोक्यावर राखाडी हेल्मेट, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, पुढच्या हुकाला कापडी पिशवी, आणि चाक पांढऱ्या पट्ट्याच्या वीतभर पुढे. मान जरा वर, सिग्नलकडे. कॅमेऱ्याकडे बघत नसतानाचा त्यांचा असा फोटो आमच्याकडे एकही नाही. लग्नकार्यातल्या सगळ्या फोटोंमध्ये ते कॅमेऱ्याकडे बघून ताठ उभे असतात.

त्या रात्री पुढचं काही बघितलं नाही. फोटो मात्र लगेच साठवून ठेवला, चलान भरल्यावर तो दिसेल की नाही याचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या रकान्यात माझी पाच. माझं हेल्मेटचं 500, मागे बसलेल्या आईच्या हेल्मेटचं 500, स्टॉप लाइनचं 500, सिग्नल तोडल्याचं 1,500 आणि नो पार्किंगचं 500. सिग्नलचे 1,500 का, असं मला वाटलं. साध्या नियमभंगाला पहिल्यांदा 500 आणि पुन्हा केला की 1,500, असे राज्यात डिसेंबर 2021 पासून दर आहेत. आईच्या हेल्मेटचं चलान वेगळं कसं, तर मागे बसणाऱ्याचा दंड वेगळा नोंदवायचा आदेश नोव्हेंबर 2024 मध्ये निघालेला होता. बातमी मी तेव्हा वाचलीही होती. वाचून सोडून दिली होती.

तिसऱ्या रकान्यात एक. वेगमर्यादा ओलांडल्याचं, 1,000 रुपये, आणि तेही अशा शहरातलं जिथे ही गाडी कधी गेलेलीच नाही. फोटो मोठा करून पाहिला तर काळी मोटारसायकल. नंबराचा शेवटचा आकडा आमचा 3, तिचा 8, वर चिखल उडालेला.

या तिसऱ्या रकान्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला. ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे. 23 जूनला तक्रार टाकली: चलान क्रमांक, आरसीचा फोटो, आमच्या गाडीचे पुढून, मागून आणि बाजूने काढलेले तीन फोटो आणि चार ओळी. बारा दिवस काही हललं नाही. मग अर्धी रजा टाकून एका कार्यालयात गेले, तिथे सांगितलं, चलान ज्या शहरातलं तिथेच जा. तिथे जाऊन यायचं म्हणजे एक दिवस आणि चलानापेक्षा जास्त खर्च. बरेच जण इथेच कंटाळून हजार रुपये भरून टाकत असतील. मलाही तो मोह झाला. पण ते चलान भरलं तर वेगाचा गुन्हा या गाडीच्या नावावर मान्य केल्यासारखं होणार होतं. मी तक्रार पुन्हा टाकली. या वेळी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून शेवटच्या आकड्याला लाल गोल केला आणि पहिलंच वाक्य लिहिलं, "चलानातलं वाहन मोटारसायकल आहे, माझं वाहन स्कूटर आहे." पहिल्या तक्रारीत मी वडील वारले, गाडी घरीच असते, असं सगळं लिहिलं होतं आणि मुद्दा चौथ्या ओळीत आला होता. दुसऱ्या तक्रारीनंतर एकोणीस दिवसांनी, 24 जुलैला, चलान रद्द झालेलं दिसलं. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दादाला फोन केला.

मेसेज का येत नव्हते, याचं उत्तर सोपं होतं. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बाबांचा, आणि त्यांचं सिम आम्ही डिसेंबरमध्ये बंद केलं होतं. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायची असा केंद्राचा 2021 चा नियम तेव्हा होता. सूचना निघतही असेल, पण ती पोहोचते आरसीवरच्या मालकाकडे. गाडी जुनी घेतलेली असेल, घरातल्या मोठ्यांच्या नावावर असेल, नंबर बदललेला असेल, तर आजच परिवहनच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर तपासा. नंबर बदलायला नोंदणीची तारीख, चासी आणि इंजिन नंबर हाताशी लागतात.

आमच्या बाबतीत नुसता नंबर बदलून भागणार नव्हतं, गाडीच नावावर करायला हवी होती. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून हस्तांतरणाचा अर्ज करायचा, असा नियम आहे. आम्ही दोन्ही मुदती चुकवल्या होत्या. त्या तीस दिवसांत तेरावं, बँक, पेन्शन, गॅस कनेक्शन. पार्किंगमधल्या स्कूटरकडे कोणाचं लक्ष होतं! विमाही बाबांच्याच नावावर चालू होता. एखादा अपघात झाला असता तर काय, हा विचार तेव्हा मनात आला आणि नावावर होईपर्यंत मी गाडी घरीच ठेवायचं ठरवलं. जुलैपासून बसने ऑफिस. त्या महिन्यांचं पुढे सांगते.

हस्तांतरणाआधी चलानं मिटवायची होती आणि उच्च सुरक्षा नंबरपाटीही बसवायची होती. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते, आणि ती नसली की आरटीओतली कामं अडतात. दुचाकीला जीएसटी धरून 531 रुपये. 5 जुलैला बुकिंग केलं, 2 ऑगस्टची वेळ मिळाली. बाबांनी पुढची पाटी हौसेने मराठी आकड्यांत रंगवून घेतली होती. नंबरपाटीवर मराठी आकडे नियमात बसत नाहीत, तेवढ्यावरूनही कधीही अडवलं गेलं असतं. पाटी बसवणाऱ्या मुलाने जुनी काढून माझ्या हातात दिली. ती आता घरी, पुस्तकांच्या कपाटात आहे.

चलानांसाठी मी राष्ट्रीय लोकअदालतीची वाट पाहिली. वर्षातून चार वेळा ती भरते. कोर्टात जाण्याआधीची प्रकरणं म्हणून वाहतुकीची थकीत चलानं तिथे तडजोडीने मिटवता येतात. पुढची तारीख होती 13 सप्टेंबर 2025, शनिवार. जाण्याआधी स्टॉप लाइनचं बाबांचं चलान मी घरूनच ऑनलाइन पूर्ण भरलं. त्या एका फोटोवर कोणाशी तडजोड करायची मला इच्छा नव्हती. उरली सात, 4,500 रुपयांची.

सकाळी सव्वानऊला पोहोचले तेव्हा रांग फाटकाबाहेर आली होती. सोबत आरसी, माझं आधार, बाबांचा मृत्यू दाखला आणि चलानांच्या यादीची छापील प्रत होती. यादी छापून नेल्याचा फार फायदा झाला. पुढच्या काकांकडे फक्त गाडीचा नंबर होता, आणि मोबाइलला रेंज नसल्याने त्यांना परत रांगेच्या शेवटी जावं लागलं. टोकन मिळालं साडेदहाला, खिडकीपर्यंत पोहोचले एक वाजता. पाणी आणि काहीतरी खायला जवळ ठेवा, जागा सोडून जाता येत नाही. आत पॅनलसमोर मात्र दोन मिनिटंच लागली. मी म्हटलं, तीन वडिलांच्या वेळची होती, त्यातलं एक भरलंय, बाकीची माझी आहेत आणि ती खरी आहेत. रक्कम निम्म्यावर आली, 2,250. यूपीआयने भरले, पावती घेतली. ही सवलत हक्काची नाही, त्या दिवशीच्या तडजोडीवर असते, म्हणून निम्मं होईलच असं धरून कोणी चलानं साठवून ठेवू नयेत. आणि लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. चलान चुकीचं असेल तर ते इथे आणू नका, आधी तक्रार करून काढून घ्या. रांगेतल्या एका मुलावर दारू पिऊन चालवल्याची केस होती, त्याला परत पाठवलं. ती कोर्टातच चालते.

22 सप्टेंबरला आरटीओत अर्ज दिला. फॉर्म 31, मृत्यू दाखला, आई आणि दादाचं गाडी माझ्या नावावर व्हायला हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. दीडशे रुपये शासकीय फी, स्मार्ट कार्डाचे दोनशे, उशिराचा दंड वेगळा. दादाच्या सहीसाठी कागद कुरिअरने बंगळूरला जाऊन आले, त्यात नऊ दिवस गेले. परगावी भाऊ-बहीण असतील तर हा कागद सगळ्यात आधी करायला घ्या. आरटीओबाहेर एजंटने साडेतीन हजार सांगितले होते. मी स्वतः केलं, दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत आईची सही मृत्यू दाखल्यावरच्या नावाशी जुळत नव्हती, त्यात मधलं नाव राहिलं होतं. माझ्या नावाचं कार्ड 6 नोव्हेंबरला पोस्टाने आलं. विमा कंपनीला कळवून विमाही नावावर करून घेतला.

आता दुसऱ्या रकान्याबद्दल. त्या पाच चलानांचा मी बसमध्ये बसून बराच विचार केला.

माझ्या पाचपैकी तीन चलानांची वेळ होती 9.24, 9.31 आणि 9.38. तारखा वेगळ्या, महिने वेगळे, रस्ता तोच. मला पावणेदहाला ऑफिसात पोहोचायचं असतं आणि मी घरातून सव्वानऊला निघत होते. 9.24 ला हेल्मेट हुकाला लटकलेलं, कारण केस ओले होते. 9.31 ला चाक झेब्रावर, कारण सगळेच पुढे सरकतात आणि मागे राहिलं की सिग्नल सुटल्यावर दहा गाड्या कापून जातात असं वाटतं. 9.38 ला दिवा पिवळ्याचा लाल झाला तेव्हा मी चौकाच्या अलीकडे होते, आणि फोटोत ते अगदी स्वच्छ दिसतं. त्या प्रत्येक क्षणी मला आपण बरोबर आहोत असंच वाटलं असणार. माझ्या तोंडात कायम एक वाक्य असायचं, "पोलीस झाडामागे लपून बसतात." या तीन फोटोंत झाडही नव्हतं आणि पोलीसही नव्हता. चौकातला खांब आणि त्याच्यावरचा कॅमेरा, रोज तिथेच असणारे.

मग गाडी पुन्हा बाहेर काढली तेव्हा पहिला बदल स्वयंपाकघरात केला. पोळ्यांची कणीक रात्री भिजवून ठेवायची, भाजी चिरून ठेवायची, आणि पावणेनऊला दार ओढायचं. केस रविवारी आणि बुधवारी रात्री धुवायचे. याचा वाहतुकीशी काय संबंध असं वाटेल, पण माझ्यापुरता सगळा संबंध हाच होता. अर्धा तास हातात असला की पिवळ्या दिव्याला ब्रेक दाबताना जिवावर येत नाही. स्टॉप लाइनच्या अलीकडे साधारण एक स्कूटर मावेल एवढी जागा सोडून मी थांबते. मागून हॉर्न वाजतात. पहिला आठवडा त्या हॉर्नांनी छाती धडधडायची, आता नाही धडधडत.

मोबाइल डिकीत. होल्डर होता तो काढून टाकला, कारण नकाशा बघता बघता मेसेजही बघितला जायचा. दुचाकीवर मोबाइल वापरला तर हजार रुपये दंड आहे, पण मला खरी भीती वाटली ती आठवून की जानेवारीत एकदा मेसेज वाचताना मी रिक्षाच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबले होते.

पार्किंगचं चलान निव्वळ पाटी न वाचल्याचं. पुण्यात पी-1, पी-2 च्या पाट्या असतात, सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या. मी गाड्या उभ्या दिसल्या की तिथे लावून मोकळी व्हायचे. आता उतरल्यावर पाटी शोधते आणि शंका असेल तर पाटीसकट गाडीचा फोटो काढून ठेवते.

आईच्या हेल्मेटवरून मात्र घरात दोन दिवस वाद झाला. अंबाडा बसत नाही, मान दुखते, मी काय चालवते का. शेवटी तिलाच दुकानात नेलं. तिने सहा डोक्यावर चढवून पाहिली, आणि सातवं, हलकं, मरून रंगाचं, आयएसआय खूण असलेलं, 1,150 रुपयांचं, तिला आवडलं. अंबाड्याऐवजी ती आता सैल वेणी घालते.

कोणी अडवलंच तर काय करायचं, याची मला पूर्वी फार धास्ती होती. आता गाडी डावीकडे घेऊन बंद करते, हेल्मेट काढते, मागितलं तेवढंच दाखवते. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये असेल तर तेही कागदाइतकंच ग्राह्य आहे, 2018 पासून तसा नियम आहे. गॅलरीत ठेवलेला कागदाचा फोटो मात्र चालत नाही. चूक झाली असेल तर मशीनवरचं चलान मागून घ्यायचं, पावतीशिवाय रोख द्यायची नाही. आणि व्हॉट्सॲपवर "तुमचं चलान बाकी आहे" म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर ती उघडायची नाही. माझ्या मैत्रिणीच्या खात्यातून अशाने पैसे गेले. चलान बघायचं ते ॲपवर किंवा वेबसाइटवर स्वतः जाऊनच.

15 नोव्हेंबरच्या रात्री आई आणि मी लग्नाहून परत येत होतो. पुलाच्या तोंडाशी नाकाबंदी. नंबर मशीनमध्ये गेला. मी हेल्मेट काढून उभी, आई मागे शालूचा पदर सावरत. "काही बाकी नाही. पीयूसी डिसेंबरपर्यंत आहे ना? जा." एवढंच.

घरी आल्यावर मी आईला तो फोटो दाखवला. पाच महिने तिला दाखवायचा धीर झाला नव्हता, रडेल म्हणून. तिने चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि दोन बोटांनी मोठा करत करत पिशवीपाशी आली. पिशवीतून हिरवी पानं बाहेर आली होती.

"बेल आहे," ती म्हणाली. "श्रावणी सोमवार होता. मंडईत गेले होते. मी दोनदा फोन केला होता, पूजा खोळंबली आहे, लवकर या म्हणून."

तिने फोटो परत लहान केला. मग मोठा केला. "हेल्मेट घातलंय बघ," म्हणाली.